पायली, बाड आणि वीणा : घरोघरच्या जुन्या वस्तू आणि आपला इतिहास



माउलींनो, दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा ठरलं तेव्हा पहिली अडचण कागदांची आली. मंडळाच्या कपाटात हिशोबाच्या वह्या आहेत, पण त्या अलीकडच्या. त्याआधीचं फारसं काही लिहिलेलं नाही. लिहिणारे हातच कमी होते. दिवसा शेत आणि खाजण, रात्री देवळात भजन, त्यातून लेखणी धरायला वेळ कुणाला? मग असं ठरलं, की कागद नसतील तर घरोघरी ज्या जुन्या वस्तू आहेत त्या बघायच्या. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे, पेठ, खारघर गाव, जिथं जिथं आपले वारकरी आहेत तिथं निरोप गेला : माळ्यावर, पलंगाखाली, देव्हाऱ्याच्या मागं जे काही जुनं असेल ते एकदा काढून दाखवा.

निघालं ते पाहून सगळेच थक्क झाले. पितळेची घंगाळं, कल्हई उडालेली तपेली, वात ओढून ओढून काळा पडलेला कंदील, एका बाजूची शाई उडालेला पखवाज, तुळशीच्या माळा, कापडात बांधलेल्या पोथ्या, जुने तांब्याचे पैसे, धान्य मोजायची मापं. सोनंनाणं कुठंच नव्हतं. बाजारात या वस्तूंना भंगाराचा भाव येईल. पण त्यांतली एकेक वस्तू हातात घेऊन घरातलं म्हातारं माणूस बोलू लागलं, तसा जो इतिहास कपाटात मिळाला नव्हता तो आपोआप उलगडू लागला.

हा लेख त्या वस्तूंविषयी आहे. त्यांचं कौतुक करावं एवढ्यापुरता मात्र नाही. आज गावठाणातली कौलारू घरं पाडून इमारती उठतायत. जुन्या घरातून नव्या फ्लॅटमध्ये जाताना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे सगळं न्यायचं कुठं? त्या प्रश्नाचं उत्तर आपण नीट दिलं नाही, तर पुढच्या दहा वर्षांत आपल्या शंभर वर्षांची साक्ष टेम्पोत भरून निघून जाईल.

पादुका ही सुद्धा वस्तूच

काही मंडळी म्हणतील, वारकऱ्याला वस्तूंचा मोह कशाला? गळ्यात माळ, कपाळी बुक्का, हातात टाळ, एवढंच आपलं धन. बोलणं बरोबर आहे. साठवणं आपल्या पंथाला शोभत नाही. पण जरा थांबून बघू या.

आषाढीला पालख्या निघतात तेव्हा पालखीत काय असतं? संतांच्या पादुका. संत श्रेष्ठ तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. त्यांनी तुकोबांच्या पादुका घेतल्या, आळंदीला जाऊन माउलींच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही एका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. पुढं हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखीचा सोहळा वेगळा उभा केला आणि त्याला आजची शिस्त लावली. लाखो माणसं या पादुकांपुढं डोकं ठेवतात. ते लाकडाला किंवा चांदीला नव्हे. त्या पावलांना, त्या चालीला ते नमन असतं. वस्तू माणसाला वाहून आणते, हे वारकऱ्याला कुणी शिकवायला नको. आपला अख्खा सोहळा त्याच समजुतीवर तीनशेहून अधिक वर्षं चालतो आहे.

म्हणजे मोह वेगळा आणि आठवण वेगळी. वस्तू माझी म्हणून धरून ठेवली तर तो मोह. ती कुणाची होती, कशाला होती हे सांगण्यासाठी ठेवली तर ती सेवा. पुढं जी उदाहरणं येतील ती सगळी या दुसऱ्या प्रकारची आहेत.

तुकोबांची गाथा घरांनी वाचवली

आपल्या पंथाचा सगळ्यात मोठा ठेवा आपल्यापर्यंत कसा आला ते पाहा. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तरल्या, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्यानंतरची कथा तेवढी सांगितली जात नाही. तुकोबांचे अभंग लिहून घेणारे टाळकरी होते. चाकणचे संताजी तेली जगनाडे त्यांतले एक, कडूसचे गंगाराम मवाळ दुसरे. घाण्यावर तेल काढणाऱ्या घरातल्या माणसानं वही लिहिली. ती त्याच्या वंशजांनी पिढ्यानपिढ्या कापडात बांधून ठेवली. त्या घरांना कुणी पगार दिला नव्हता, कुणी हुकूम केला नव्हता. ही आपल्या घरची वही आहे आणि तुकोबांची आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारनं 24,000 रुपये मंजूर केले आणि 1869 पासून इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापून निघाली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती संपादित केली. त्यांनी आधार कशाचा घेतला? देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथं जपलेल्या हस्तलिखितांचा. पुढं वि. ल. भावे यांनी जगनाडे यांच्या वहीवरून वेगळी गाथा प्रसिद्ध केली. आज आपण ज्या गाथेवर हात ठेवून पारायण करतो, ती अशी कुणाच्या तरी माळ्यावरून, कुणाच्या तरी पेटीतून उतरलेली आहे. एखाद्या सुनेनं घर सारवताना जुनी चिंधी म्हणून ती वही चुलीत टाकली असती, तर आज आपण काय म्हटलं असतं?

ज्ञानेश्वरीचंही तसंच. माउलींनंतर तीनशे वर्षांत हातानं उतरवताना पाठात चुका शिरल्या, भर पडली. शके 1506 म्हणजे इसवी सन 1584 साली संत एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. पुढं यात कुणी आपली भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. नाथांनी प्रती मिळवल्या त्या कुठून? ज्यांनी ज्यांनी जपल्या होत्या त्यांच्याकडून. जपणारा नसता तर शुद्ध करणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हेच काम इतिहासाच्या कागदांसाठी करत गावोगाव हिंडले. अडगळीतले, वाळवी लागलेले मोडीचे कागद त्यांनी गोळा केले. "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, असे बावीस खंड त्यांनी काढले. ज्ञानेश्वरीचं एक जुनं हस्तलिखितही त्यांनी 1909 साली छापलं. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते त्यांच्याच पुढाकारानं. राजवाडे 1926 च्या अखेरीस गेले. म्हणजे आपली दिंडी पहिली पावलं टाकत होती त्याच सुमारास हा माणूस आयुष्यभर कागद वेचून थकून निजला. किती घरांनी मोडीचे कागद रद्दीत घातले आणि किती घरांनी राजवाड्यांच्या हाती दिले, त्यावर आज आपला इतिहास उभा आहे.

पायलीनं सांगितलेली गोष्ट

आता आपल्या गावाकडं येऊ.

जमा झालेल्या वस्तूंत एक लोखंडी पायली होती. ज्या घरातून आली तिथल्या नातवानं तीत पेन आणि कात्री ठेवली होती. त्याला वाटलं, जुना डबा आहे. चार शेरांची एक पायली, हे त्याला कोण सांगणार? 1957 च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि शेर-पायली हळूहळू बाजारातून हद्दपार झाली. पण त्या घरातल्या आजींनी पायली पाहिली आणि म्हणाल्या, ही तर शिध्याची पायली.

त्यातून जे कळलं ते असं. जुन्या काळात दिंडीला वर्गणी पैशात नव्हती. भात झोडून झालं, खळ्यावर रास पडली, की घरटी एक पायली भात दिंडीच्या नावानं बाजूला निघायचं. ज्याचं शेत कमी तो शेरभर देई. ज्याला तेही जमत नसे तो वाटेत चूल पेटवायचं, पाणी आणायचं काम घेई. पायलीत भात भरताना वर शीग ठेवायची का सपाट करायची यावरून वाद होत असत, आणि ज्येष्ठ माणसं म्हणत, देवाचं माप शिगेचंच. त्या भाताचे तांदूळ कांडून दिंडीबरोबर जायचे. आपल्याकडच्या खारजमिनीत लाल राता भात व्हायचा. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे, उघाडीची दारं भरती-ओहोटी बघून उघडायची-मिटायची. हे काम एकट्याचं नव्हतंच. बांध फुटला तर सगळा गाव धावायचा. ज्या गावाला बांध मिळून राखायची सवय, त्या गावाला दिंडी मिळून चालवणं जड गेलं नाही.

आणि भात हेच कारण होतं की आपल्याकडची पुष्कळ माणसं आषाढीपेक्षा कार्तिकीला निघत. आषाढात लावणीची घाई. शेत सोडून जाणार कसं? कापणी उरकली, की कार्तिक वद्यातल्या माउलींच्या समाधी सोहळ्याला बोरघाट चढून आळंदीला जायचं. वारीचा काळ पंचांगानं ठरतो तसा शेतीनंही ठरतो.

मग पायली थांबली कधी? जमीन गेली तेव्हा. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी ठरल्या. आपलं खारघर त्यातच आलं. शेतं गेली, खाजणं गेली, मिठागरं गेली. योग्य मोबदल्यासाठी लढा उभा राहिला. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई भागात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिंडीच्या बाजूनं त्याचा अर्थ काय झाला, ते या पायलीमुळं कळलं. खळं गेलं म्हणून रास गेली, रास गेली म्हणून पायली गेली, आणि मग पावतीपुस्तक आलं. वर्गणी आता रुपयांत येते, शिवाय गावाबाहेरून राहायला आलेल्या सोसायट्यांमधूनही येते. त्यात वाईट काही नाही. पण घरटी एक पायली ही जी समान हिश्शाची रीत होती, ती कुणी ठरवून मोडली नाही. शेत गेल्यावर ती आपसूक गळून पडली. हे एकाही वहीत लिहिलेलं नव्हतं. ते या डब्यात होतं.

बाड : चालत्या दिंडीचा दप्तरखाना

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे बाड. वरच्या बाजूला शिवलेली, लांबट, हातानं अभंग उतरवलेली वही. छापील गाथा प्रत्येकाला परवडत नव्हती तेव्हा चालीवर म्हणायचे अभंग एकाचं बघून दुसरा उतरवून घेई. आपल्याकडं अशी दोन बाडं मिळाली. अभंग तर सगळे गाथेत आहेतच. बाडाचं मोल अभंगांच्या बाजूला मोकळ्या जागेत जे लिहिलंय त्यात आहे. कुठल्या मुक्कामी पाणी चांगलं, कुठल्या गावात ओसरी मिळते, कुणाचा पाय मुरगळला, कुणी घाटात सोबत सोडून परत फिरलं. एका पानावर कुणाच्या तरी निधनाची तिथी आहे आणि पुढच्याच ओळीत पखवाजाला नवी वादी घातल्याचा खर्च. दुःख आणि खर्च एकाच शाईनं लिहिलेले. चालणाऱ्या माणसाचा दप्तरखाना असाच असतो.

एका बाडाचा निम्मा भाग पाण्यानं चिकटला आहे. 26 जुलै 2005 च्या पावसात रायगड, ठाणे आणि मुंबईत घराघरात पाणी शिरलं, तेव्हा किती घरांतले फोटो, सातबारे, पोथ्या भिजून लगदा झाल्या हे कुणी मोजलेलं नाही. चिकटलेली पानं जोर लावून सोडवू नयेत, एवढं आता सगळ्यांनी लक्षात ठेवावं. त्यासाठी जाणकार लागतात.

पुण्याचे केळकर : जमवलं आणि देऊन टाकलं

जुन्या घरगुती वस्तू जमवण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यात आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर. जन्म 1896 चा. चष्म्यांचा व्यवसाय आणि "अज्ञातवासी" या नावानं कविता. साधारण 1920 च्या सुमारास, म्हणजे आपली दिंडी सुरू झाली त्याच काळात, त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी या कामात साथ दिली. त्यांचा मुलगा राजा लहान वयातच गेला. बापानं त्या लेकराचं नाव संग्रहालयाला दिलं. राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून आपण ओळखतो ते हेच.

केळकरांचं वेगळेपण असं, की ते राजेरजवाड्यांच्या रत्नांमागं लागले नाहीत. अडकित्ते, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्री, दौती, कुलपं, दिवे, बाहुल्या, दरवाजे, वाद्यं, हे त्यांनी जमवलं. रोजच्या वापरातली, घरच्या बायकांच्या आणि कारागिरांच्या हातातली वस्तू. समई, लामणदिवा, पणती, आरती अशा दिव्यांवर त्यांचं पुस्तकही आहे. 1960 पर्यंत संग्रह 15,000 वस्तूंच्या घरात गेला. आणि 1962 साली केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडं सोपवला. 1980 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 1990 साली ते गेले.

वारकऱ्यानं यातलं काय घ्यावं? चाळीस वर्षं जीव टाकून जमवलं, पोराच्या आठवणीनं जमवलं, आणि शेवटी हातातून सोडून दिलं. "माझं" म्हणून सुरू झालेलं "सगळ्यांचं" होऊन संपलं. जमवणाऱ्याच्या हातून वस्तू सुटते तेव्हाच ती खऱ्या अर्थानं जपली जाते. घरातल्या कपाटात बंद करून ठेवलेली वस्तू त्या घराबरोबर विकली जाते. ज्ञानाचंही तसंच आहे. संताजींनी वही लिहिली ती स्वतःच्या अभंगांची नव्हे, तुकोबांच्या.

जे टिकत नाही त्याचं काय?

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडं जमलेल्या वस्तूंत पितळ जास्त, लोखंड थोडं, बांबू आणि पानं जवळजवळ शून्य. लावणीत बायका ज्या इरल्याखाली दिवसभर वाकून असायच्या, ते इरलं एकही मिळालं नाही. कारण ते बांबूच्या कामट्या आणि झाडाची पानं विणून केलेलं. पावसाळा संपला की ते कुजायचं, पुढच्या वर्षी नवं. म्हणजे श्रीमंताची वस्तू टिकते, कष्टकऱ्याची कुजते. फक्त टिकलेल्या वस्तूंवरून इतिहास लिहिला, तर आपल्या आयाबायांचे कष्ट त्यातून आपोआप वगळले जातील. म्हणून ज्यांनी इरलं पांघरलं आहे त्यांचं बोलणं हीच इथं वस्तू समजायची.

जात्याचंही तेच. जातं दगडाचं, म्हणून ते मागच्या दारी पडलेलं असतं. पण दळताना म्हटलेल्या ओव्या दगडात राहत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. त्यांत विठोबा आहे, रखुमाई आहे, पंढरीची वाट आहे, सासरचा जाच आहे आणि भावाची आठवणही आहे. कुणी विचारलं नसतं, तर गिरणी आल्यावर त्या ओव्या त्या बायकांबरोबरच गेल्या असत्या. आपल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिच्या तोंडी जे आहे ते कुठल्या पुस्तकात आहे? आजही आपल्या गावांत ज्यांना ते पाठ आहे अशा बाया आहेत. त्यांच्याकडं जायला अजून वेळ आहे, पण फार नाही.

वीणा : वापरून जपलेली वस्तू

सगळ्यात शेवटी वीणा. दिंडीत वीणा खाली टेकवत नाहीत. एक विणेकरी थकला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आपली वीणा जुनी आहे असं आपण अभिमानानं म्हणतो. खरं बघितलं तर तारा कितीदा बदलल्या, खुंट्या बदलल्या, भोपळाही बदलला. मग ती जुनी कशी? तर हातोहात चालत आली म्हणून. कुणाच्या गळ्यातून कुणाच्या गळ्यात गेली ती साखळी तुटली नाही, हेच तिचं जुनेपण.

तंतुवाद्यांचं गाव म्हणून मिरजेचं नाव आहे. तिथं शिकलगार घराण्यानं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, ही वाद्यं करायला सुरुवात केली. तलवारीला धार लावणारे हात सतार-तंबोऱ्याच्या तारा जुळवू लागले. तिथल्या वाद्यांना लागणारा भोपळा पिकतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. म्हणजे भीमेच्या काठचा भोपळा आणि कृष्णाकाठचा कारागीर मिळून सूर तयार होतो. वारकऱ्याला यापेक्षा गोड गोष्ट दुसरी कुठली सांगावी?

वीणेला काचेच्या कपाटात ठेवलं तर ती जपली जाईल का? लाकूड टिकेल. पण वीणा टिकणार नाही. काही वस्तू वापरूनच जपल्या जातात.

मग ठेवायचं काय, सोडायचं काय

समितीत यावर बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं, जुनी पितळ मोडीत घालून त्या पैशात सभामंडपाला फरशी बसवू. काहींचं म्हणणं, सगळंच्या सगळं मांडून संग्रहालय करू. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला आहे. पण मला वाटतं वस्तूंचे तीन भाग करावेत.

पहिला भाग, वापरातल्या वस्तू : वीणा, टाळ, पखवाज, पताका, मोठी पातेली. त्या वापरातच राहू द्याव्यात. दुरुस्त कराव्यात, पण वापरातून काढू नयेत.

दुसरा भाग, ज्यांचा वापर संपला पण ज्यांच्याकडं सांगण्यासारखं आहे अशा : पायली, बाड, नाव कोरलेली भांडी, जुने फोटो. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि कधी कधी सालही कोरलेलं असतं. कुणी लग्नात दिलं, कुणी नवस फेडायला दिलं. ते भांडं म्हणजे शिलालेखच समजायचा. ते मोडीत गेलं की नाव वितळलं. हा भाग मंदिरात एका जागी, कुलपात, पण सगळ्यांना बघता येईल असा ठेवावा. ज्या घरानं दिली त्या घराचं नाव वस्तूबरोबर राहावं.

तिसरा भाग, ज्यांच्याविषयी कुणालाच काही सांगता येत नाही अशा. त्या आनंदानं सोडून द्याव्यात. सगळं साठवणं हा आपला मार्ग नाही.

दुसऱ्या भागातल्या प्रत्येक वस्तूला पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरं एका वहीत लिहावीत. ही कुणाची? कुठून आली? कशासाठी वापरली? वापर कधी थांबला आणि का? आणि आजवर कुणी, का जपली? घरातल्या नातवंडांना मोबाइल घेऊन आजी-आजोबांसमोर बसवा. पोरांना रेकॉर्डिंग करता येतं, म्हाताऱ्यांना सांगता येतं. दोघांची गाठ घालून देणं एवढंच आपलं काम.

जपायच्या चार साध्या गोष्टी. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. पूर्वीची माणसं दप्तर सुती कापडाच्या रुमालात बांधायची, तीच पद्धत चांगली. कोरलेल्या भांड्यावर चिंच-राख घासून घासून अक्षरं झिजवू नका. वस्तूवर रंगानं नंबर घालू नका, दोऱ्यानं चिठ्ठी बांधा.

आणि एक सावधगिरी. अलीकडं जुन्या मूर्ती, नक्षीचे दरवाजे, पोथ्या विकत घेणारे लोक गावठाणात फिरताना दिसतात. रोख पैसे दिसले की मन डळमळतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकतं. दगडी आणि धातूच्या जुन्या मूर्ती अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देव्हाऱ्यातली मूर्ती विकण्याआधी गावातल्या जाणत्यांशी बोलावं, एवढं तरी करावं.

शेवटी

पांडवकड्याचा धबधबा पावसाळ्यात पूर्वीसारखाच कोसळतो. त्याखालच्या पायथ्याशी मात्र भातशेतीऐवजी रस्ते आणि इमारती आहेत. ते बदलणार होतं, बदललं. आपल्या पोरांनी त्या इमारतीत राहावं, शिकावं, मोठं व्हावं, हीच सगळ्यांची इच्छा. पण त्यांना विचारलं, तुमची दिंडी कशावर चालली, तर त्यांना उत्तर देता यावं. ते उत्तर पावतीपुस्तकात मिळणार नाही. एका लोखंडी पायलीत, पाण्यानं चिकटलेल्या बाडात आणि आजीच्या तोंडी आहे.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा वीणा गळ्यात घातली, त्यांची नावं आपल्याला सगळी माहीत नाहीत. पुढच्या शंभर वर्षांनी जे या अंकाची पानं उलटतील, त्यांना तरी आपली माहीत असावीत. म्हणून या वर्षी प्रत्येक घरानं एक वस्तू निवडावी, तिची गोष्ट लिहावी, आणि ती वही मंदिरात आणून द्यावी. एवढी सेवा शताब्दीच्या निमित्तानं आपल्याकडून घडो.

राम कृष्ण हरि!